मुखत्यारास हिशेब विचारणे

साकीनाक्याकडे राहणाऱ्या एका वाचकभगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. पत्रातील प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर चार ओळींत मावणारे नव्हे. म्हणून या महिन्याचे हे सदर आम्ही त्या प्रश्नासच दिले आहे. बाई लिहितात की, त्यांच्या सोसायटीपुढील गल्लीस तेथील एका लोकप्रतिनिधींनी आपल्या निधीतून फरशी बसवून दिली, कोपऱ्यावर वृद्धांसाठी दोन बाके ठेविली आणि त्या बाकांवर स्वतःचे नाव घातले. पुढे सोसायटीच्या सभेत एका तरुण सभासदाने सूचना मांडली की, या गृहस्थांनी सभागृहात कोणत्या ठरावावर काय मत दिले, निवडणुकीस किती खर्च केला आणि त्यांचे स्वतःचे व्यवसाय कोणते, ही माहिती काढून ती सोसायटीच्या फलकावर लावावी. त्यावर वडीलधारी मंडळी नाराज झाली. ज्याने आपणांस बसावयास बाक दिले, त्याच्याकडेच हिशेब मागणे हा कृतघ्नपणा नव्हे काय, असे त्यांचे म्हणणे पडले. यांत बरोबर कोण, असे बाईंनी आम्हांस विचारले आहे.

आमच्या मते तरुणाचे म्हणणे बरोबर आहे. तथापि वडिलांच्या भावनेस हसून ती बाजूस सारणे आम्हांस योग्य वाटत नाही. केलेले उपकार स्मरावे, ज्याचे अन्न खाल्ले त्याची निंदा करू नये, हे संस्कार आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत आणि ते मोलाचे आहेत. प्रश्न इतकाच की, या बाकांच्या बाबतीत उपकारकर्ता कोण? संसद सदस्यांच्या स्थानिक विकास निधीची योजना १९९३ च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा प्रत्येक खासदारामागे ५ लक्ष रुपये ठेविले होते. २०११-१२ पासून ती रक्कम वर्षास ५ कोटी झाली. आपल्या राज्यातील आमदारांचा निधीही २०२२ साली ५ कोटींवर गेला. हा पैसा कोणाच्याही खिशातून येत नाही. तो सरकारी तिजोरीतून येतो. प्रतिनिधीने कामाची शिफारस करावयाची, आणि मंजुरी व खर्च जिल्हा प्रशासनाने पाहावयाचा, अशी या योजनेची रीत आहे. तिजोरीत तो पैसा येतो तो चहाच्या पुड्यावर, औषधाच्या बाटलीवर आणि मुलांच्या दप्तरांवर आपण जो कर भरतो त्यातून. तेव्हा पत्र लिहिणाऱ्या बाईंनी आणि त्यांच्या घरी धुणे-भांडी करावयास येणाऱ्या स्त्रीनेही त्या बाकाची किंमत भरलेली आहे. नाव मात्र बाकावर तिसऱ्याचेच आहे. कृतज्ञता अवश्य असावी. पण आपल्याच पैशाने आलेल्या वस्तूबद्दल दुसऱ्याचे ऋणी होणे यास कृतज्ञता म्हणत नाहीत, विसराळूपणा म्हणतात.

प्रतिनिधीस हिशेब विचारणे हे पाश्चात्त्यांकडून आलेले नवे खूळ आहे, असे कित्येकांस वाटते. त्यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेचा आरंभ आठवावा. पर्वती संस्थानाच्या पंचांच्या कारभाराविषयी पुणेकरांत असंतोष उत्पन्न झाला होता. देवाच्या उत्पन्नाची व्यवस्था पाहणाऱ्यांनी लोकांस जाब द्यावा की नाही, या वादातून गणेश वासुदेव जोशी यांच्या खटपटीने २ एप्रिल १८७० रोजी ही सभा स्थापन झाली. औंधचे अधिपती श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष. त्या सभेचा एक नियम आजही आश्चर्य वाटावे असा आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणला पाहिजे. तो असल्यावाचून त्यास सभेत बसता येत नसे. सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने पंचाण्णव सभासद अशा रीतीने आरंभी जमा झाले. त्या काळी कायदे करणारी लोकनियुक्त सभा या देशात कोठेच नव्हती, मताचा अधिकार सामान्य माणसास नव्हता. तरी प्रतिनिधी म्हणजे काय याची कल्पना आपल्या पणजोबांच्या मनात स्वच्छ होती. प्रतिनिधी म्हणजे मुखत्यार. शेतीवाडीचा मुखत्यार आपण नेमतो तेव्हा त्याने आपली जमीन आपल्यालाच वापरू दिली म्हणून आपण त्याचे पाय धरीत नाही. वर्षाच्या अखेरीस रोजकीर्द आणि खतावणी पुढे घेऊन बसतो, आणि जो मुखत्यार वह्या दाखविण्यास का-कू करितो त्यास दुसऱ्या वर्षी ठेवीत नाही.

आता ज्या भागातून हे पत्र आले त्याची स्थिती पाहू. साकीनाका म्हणताच मुंबईकरास वाहनांची कोंडी आठवते. अंधेरी-कुर्ला रस्ता, साकीविहार रस्ता आणि खैराणी रस्ता यांच्या संगमावर हे ठिकाण आहे. २०१४ च्या जूनपासून त्याच्या डोक्यावरून मेट्रोही धावते. एका बाजूस उंच इमारती, दुसऱ्या बाजूस टेकडीवर चढत गेलेल्या वस्त्या, मधल्या गाळ्यांतून लहानमोठे कारखाने, आणि जवळून वाहणारी मिठी नदी. महापालिकेच्या एल विभागात आणि विधानसभेच्या चांदिवली मतदारसंघात हा भाग मोडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईवर जलप्रलय आला त्या दिवशी येथील टेकडीचा कडा कोसळून सत्तरांहून अधिक माणसे दरडीखाली गेली. १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे खैराणी रस्त्यावरील एका फरसाणाच्या दुकानास आग लागून तेथेच झोपलेले बारा कामगार प्राणास मुकले. टेकडीच्या पायथ्याशी घरे कोणाच्या डोळ्यांदेखत झाली, संरक्षक भिंतीसाठी कोणी किती वेळा मागणी केली, गाळ्यांची तपासणी कधी झाली व तिचा अहवाल कोणी वाचला, हे प्रश्न सभागृहात विचारावयाचे असतात. ते विचारण्यासाठीच प्रतिनिधी निवडून द्यावयाचा असतो. बाक ही चांगली वस्तू आहे, परंतु ज्याच्या घरावर दरड येणार आहे त्यास बाकाचा उपयोग काय?

हिशेब आणि देखावा यांतील भेदही याच भागाने पाहिला आहे. जून २०२१ मध्ये पावसाने रस्ता तुंबला, तेव्हा चांदिवलीचे आमदार दिलीप लांडे यांनी नालेसफाईच्या ठेकेदारास त्या पाण्यात बसविले आणि कार्यकर्त्यांकडून त्याच्या अंगावर कचरा टाकविला. ते चित्रण साऱ्या देशाने पाहिले, आणि पुष्कळांनी टाळ्याही वाजविल्या. लोकांचा संताप आम्ही समजू शकतो. परंतु ठेका कोणत्या अटींवर दिला होता, काम झाल्याचा दाखला कोणी दिला, देयक कोणी मंजूर केले, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्या कचऱ्यातून निघण्यासारखे नव्हते. पुढे २०२५ च्या मे महिन्यात मिठी नदीच्या गाळ उपसण्याच्या कामांत सुमारे ६५ कोटींचे नुकसान झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदविला, तो कागदपत्रे तपासून. आरोप सिद्ध होतील तेव्हा होतील. पण चौकशीची वाट कागदांतूनच जाते, हे यावरून ध्यानात यावे. आणि कागद पाहणारे लोकनियुक्त डोळे तर या शहरास बराच काळ नव्हतेच. महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. एवढ्या काळात नगरसेवक नाही म्हणून फरशीचे काम अडल्याची ओरड आमच्या कानी आली. स्थायी समिती नाही म्हणून ठेक्यांवर प्रश्न विचारणारा कोणी उरला नाही, अशी ओरड फारशी आली नाही.

त्या तरुणाने मते, खर्च आणि व्यवसाय अशा ज्या तीन गोष्टी विचारल्या, त्यांची निवड आम्हांस मार्मिक वाटते. त्या तीन निरनिराळ्या गोष्टी दिसतात. वस्तुतः ती एकाच खात्याची तीन पाने आहेत.

पहिले पान मतांचे. प्रतिनिधीचे खरे काम मत देणे हे होय. बाकी सर्व आनुषंगिक. परंतु आपल्याकडे त्या मताची नोंद बहुधा राहतच नाही. अध्यक्षांनी प्रश्न मांडावा, सभासदांनी मोठ्याने ‘होय’ अथवा ‘नाही’ म्हणावे, आणि आवाजावरून निर्णय जाहीर व्हावा, ही आवाजी मतदानाची रीत. गर्जनेत कोणाचा आवाज कोणता हे कोण सांगणार? १२ नोव्हेंबर २०१४ रोजी राज्यातील नव्या मंत्रिमंडळावरील विश्वासाचा ठरावसुद्धा अशाच आवाजी मतदानाने संमत झाला, आणि त्यावर मोठा वाद माजला. जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयकासारखा नागरिकांच्या स्वातंत्र्यास स्पर्श करणारा कायदा विधानसभेने आवाजी मतदानानेच मान्य केला. उलट जुलै २०२२ च्या ३ व ४ तारखांस, अध्यक्षांची निवड आणि मंत्रिमंडळावरील विश्वास हे प्रश्न आले तेव्हा, एकेका सभासदास उभे करून शिरगणती झाली, आणि विश्वासाच्या ठरावास १६४ विरुद्ध ९९ अशी मोजून मते पडली. सत्ता कोणाची हे ठरवावयाचे असले की डोकी मोजता येतात. पाणी, घर, शाळा, तुरुंग यांविषयीचे कायदे करावयाचे असले की आवाज पुरतो. ही तफावत नागरिकांनी विचार करण्यासारखी आहे.

मताविषयी दुसरी अडचण पक्षादेशाची. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरास आळा घालण्यासाठी पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्व जाण्याची तरतूद केली. हेतू चांगला होता. परिणाम मात्र असा झाला की, एकट्याने विवेकास स्मरून मत दिले तर पद जाते, आणि जथ्याने पक्ष बदलला तर पुष्कळदा काही जात नाही. चांदिवलीचेच उदाहरण घ्यावयाचे तर श्री. लांडे हे २०१७ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे नगरसेवक म्हणून निवडून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या पक्षाच्या सातांपैकी सहा नगरसेवकांसह ते शिवसेनेत गेले. २०१९ मध्ये शिवसेनेतर्फे आमदार झाले, आणि २०२२ च्या फुटीत श्री. एकनाथ शिंदे यांच्या बाजूस गेले. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभाध्यक्षांनी दिलेल्या निर्णयाने दोन्ही बाजूंपैकी कोणीही अपात्र ठरले नाही, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत मतदारांनी त्यांस पुन्हा निवडून दिले. हे योग्य की अयोग्य, यांत आम्ही पडत नाही. तो मतदारांचा अधिकार आहे. आमचे म्हणणे एवढेच की, २०१९ साली ही जागा अवघ्या ४०९ मतांनी जिंकली गेली होती. एवढे मतदार दोन-तीन मोठ्या सोसायट्यांत असतात. त्यांनी प्रत्येक वळणावर ‘आमच्या मताचे आपण काय केले, आणि का केले’, असे लेखी विचारले असते, तर उत्तर देणे भागच पडले असते. या पानावर अलीकडे एक समाधानाची नोंद झाली आहे. मतासाठी वा भाषणासाठी लाच घेणाऱ्या सभासदास सभागृहाच्या विशेषाधिकाराचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी ४ मार्च २०२४ रोजी ठरविले, आणि १९९८ चा उलट निर्णय रद्द केला.

दुसरे पान खर्चाचे. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवारास ९५ लक्ष व विधानसभेच्या उमेदवारास ४० लक्ष रुपये ही खर्चाची मर्यादा २०२२ च्या जानेवारीत ठरली. निकालानंतर तीस दिवसांच्या आत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यावा लागतो. तो न देणारा तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरू शकतो. कायदा असा खणखणीत आहे. वह्या कशा लिहिल्या जातात ते पाहावयाचे तर नांदेड जिल्ह्यातील भोकरचे प्रकरण आठवावे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री श्री. अशोक चव्हाण यांच्या स्तुतिपर मजकुराची पाने निरनिराळ्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. त्यांपैकी काही ‘अशोक पर्व’ या मथळ्याखाली होती. उमेदवाराच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च मात्र ५,३७९ रुपये दाखविला होता. हा मजकूर म्हणजे पैसे देऊन छापविलेली बातमी होय, अशी तक्रार पराभूत उमेदवार श्री. माधवराव किन्हाळकर यांनी केली. खर्चाचा हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगास आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी स्पष्ट केले. त्यानंतर आयोगाने श्री. चव्हाण यांच्याविरुद्ध काढलेला आदेश त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. अर्थात्‌ व्यक्तीपुरते प्रकरण तेथे मिटले. पण हिशेबाची वही ही केवळ दप्तरात ठेवावयाची वस्तू नसून ती उघडून पाहता येते, हे तत्त्व त्यातून कायम झाले.

या वहीविषयी एक गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक आहे. निवडणूक नियमांतील ८८ व्या नियमान्वये कोणाही माणसास केवळ एक रुपया भरून उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब पाहता येतो, आणि ठरलेली फी देऊन त्याची साक्षांकित नक्कलही घेता येते. साकीनाक्याच्या रहिवाशास त्यासाठी दूर जावयास नको. उपनगर जिल्ह्याचे कार्यालय वांद्र्यास आहे. एक रुपयात हल्ली कोथिंबिरीची काडीही येत नाही. इतका स्वस्त अधिकार इतका अस्पर्श पडून राहावा, याचे कारण तो अवघड आहे हे नसून आपणांस त्याची गरजच वाटत नाही हे आहे.

तिसरे पान व्यवसायांचे, म्हणजे प्रतिनिधीच्या अन्य हितसंबंधांचे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात कलम १६ असे आहे की, पालिकेच्या कोणत्याही ठेक्यात ज्याचा स्वतः अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भाग असेल, तो नगरसेवक राहण्यास अपात्र होय. एकाच हाताने ठेका द्यावा व घ्यावा हे चालावयाचे नाही, ही साधी नीती त्या कायद्याच्या कर्त्यांस कळत होती. आमदार-खासदारांच्या बाबतीतही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील ९-अ हे कलम सरकारशी ठेका असणाऱ्यास अपात्र ठरविते. परंतु ठेका त्याच्या स्वतःच्या व्यवसायाचा असावा लागतो. पत्नीच्या, पुत्राच्या अथवा कंपनीच्या नावे असलेल्या व्यवहारांपर्यंत त्याचा हात सहसा पोहोचत नाही.

स्वतंत्र भारताच्या संसदेपुढे या जातीचे पहिले मोठे प्रकरण आले ते आपल्या मुंबईचेच. मुंबईकडून हंगामी संसदेत गेलेले श्री. एच. जी. मुदगल यांनी सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या ‘बॉम्बे बुलियन असोसिएशन’ या संस्थेशी पैशाच्या मोबदल्यात संधान बांधून तिच्या वतीने संसदेत प्रश्न विचारले व तिचे काम पुढे रेटले, असा आरोप आला. पंडित नेहरूंनी आपल्याच पक्षाच्या या सभासदाविरुद्ध जून १९५१ मध्ये चौकशी समिती नेमविली. श्री. टी. टी. कृष्णम्माचारी तिचे अध्यक्ष होते, आणि पुढे चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी झालेल्या दुर्गाबाई तिच्या एक सभासद होत्या. आरोप खरा ठरला. हकालपट्टीचा ठराव चर्चेस असताना श्री. मुदगल यांनी २५ सप्टेंबर रोजी राजीनामा दिला. तरी सभागृहाने त्यांस तेवढ्याने सुटू दिले नाही, राजीनाम्याची भाषा सभागृहाचा अवमान करणारी आहे असा शेरा ठरावात घालूनच तो संमत केला. चोपन्न वर्षांनी, डिसेंबर २००५ मध्ये, प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना अकरा खासदार गुप्त चित्रणात सापडले. त्यांत जळगाव व एरंडोल या आपल्या खानदेशातील दोन जागांचे खासदार होते. १२ तारखेस चित्रण प्रसिद्ध झाले आणि २३ तारखेस अकराही जणांचे सभासदत्व गेले. मधल्या काळात, १२ जानेवारी १९८२ रोजी, बांधकाम व्यावसायिकांनी एका प्रतिष्ठानास दिलेल्या देणग्या आणि त्यांस मिळालेले सिमेंट यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी जोडून दाखविला, आणि मुख्यमंत्री अंतुले यांस पद सोडावे लागले. ती याचिका करणाऱ्यांत विधानसभेचे सभासद प्रा. पां. बा. सामंत होते, आणि हे प्रकरण प्रथम उघडकीस आणले ते वृत्तपत्राने.

बाहेरचा दाखलाच हवा असेल तर इंग्लंडचा घ्यावा. तेथील लोकसभा १८३६ पासून कोणत्या सभासदाने कोणते मत दिले याच्या याद्या छापीत आली आहे, आणि १९७५ पासून सभासदांच्या हितसंबंधांची नोंदवही ठेवीत आहे. तरीही खर्चाचे पान झाकलेले राहिले होते. २००९ साली ते उघडले तेव्हा वाड्याभोवतालच्या खंदकाच्या सफाईपासून बदकांच्या घरापर्यंत नाना गोष्टींचा खर्च जनतेकडे मागितल्याचे निघाले. अध्यक्षांस पद सोडावे लागले, काही सभासद तुरुंगात गेले, आणि खर्च मंजूर करण्याचे काम सभागृहाकडून काढून स्वतंत्र संस्थेस दिले गेले. तीन पानांपैकी दोन उघडी असली आणि एक मिटलेले असले तरी सारा व्यवहार तेथेच शिरतो, एवढाच त्याचा धडा.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो आमच्या सुशिक्षित वाचकवर्गास कदाचित रुचणार नाही. राजकारण हे घाण आहे, आपण त्यात पडू नये, असे आपल्या दिवाणखान्यांतून नित्य ऐकू येते. परंतु शाळेतील प्रवेश, नळाची जोडणी, रुग्णालयातील खाट, पोलीस ठाण्यातील अडलेले काम यांपैकी काही निघाले की हाच वर्ग प्रतिनिधीच्या कार्यालयात चिठ्ठीसाठी उभा राहतो. संक्रांतीस त्यांच्या वतीने हळदीकुंकू होते, वाण म्हणून भांडी वाटली जातात. गणेशोत्सवास वर्गणी, सहलीस गाडी, दहावीच्या मुलांस वह्या. घेणाऱ्यांच्या मनात क्षणभरही येत नाही की, हा पैसा कोठून आला? निधीतून तो देता येत नाही. वेतनातून म्हणावे, तर ते वेतन कितीही वाढले तरी वर्षभराचे असे समारंभ त्यात भागणार नाहीत. आणि ते वेतनही वाढते कसे, हे ५ ऑगस्ट २०१६ रोजी चर्चेवाचून एकमताने संमत झालेल्या विधेयकाने दाखविलेच आहे. तेव्हा हा खर्च कोणी तरी दुसरा सोसतो, आणि जो सोसतो तो त्याची वसुली करितो. आमच्या वाणामुळे खर्च वाढतो. खर्चामुळे ठेकेदाराचा व बांधकाम व्यावसायिकाचा हात धरावा लागतो. तो हात धरला की सभागृहातील मत त्याच्याकडे गहाण पडते. म्हणूनच आम्ही म्हटले की, ही तीन पाने एकाच खात्याची आहेत. आणि त्या खात्यात पहिली रक्कम कित्येकदा आपल्याच नावे पडलेली असते. याचकास हिशेब विचारता येत नाही. ज्याने चिठ्ठी घेतली तो दुसऱ्या दिवशी वही मागू शकत नाही. आणि प्रतिनिधीसही चिठ्ठ्या देणे परवडते, वही दाखविणे परवडत नाही.

कोणी म्हणेल, शिफारशीवाचून कामेच होत नाहीत, तेव्हा सामान्य माणसाने करावे काय? हा आक्षेप खोटा नाही. झोपडीत राहणाऱ्या, कागद वाचता न येणाऱ्या माणसास प्रतिनिधीचे कार्यालय हाच एक आधार असतो, आणि तो त्याच्याकडून काढून घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्यास अर्ज लिहिता येतो, नियम वाचता येतात, ज्याच्या घरी दोन पदवीधर आहेत, त्याने तरी रांगेत चिठ्ठी घेऊन पुढे घुसू नये. त्याने रांगच सुधारावी. शिक्षणाचे ऋण फेडण्याची याहून सोपी रीत आम्हांस दिसत नाही.

साधने आता पुष्कळ आहेत. उमेदवाराने आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण व गुन्ह्यांची माहिती प्रतिज्ञापत्रावर द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांनी ठरले. स्वतःच्या, जोडीदाराच्या व आश्रितांच्या उत्पन्नाची साधने सांगावी, हे २०१८ साली ठरले. ही प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोग सर्वांस खुली करितो. एकाच माणसाची पाच वर्षांच्या अंतराने दिलेली दोन प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून पाहिली, तरी पुष्कळ समजते. अण्णा हजारे यांच्या चळवळीनंतर महाराष्ट्रात २००२ साली आणि साऱ्या देशात २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला; दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. एल विभागाच्या कुर्ल्यातील कार्यालयातून कोणत्या रस्त्याचा ठेका कोणास दिला, हे त्यायोगे कळते; आमदार-निधीची कामे जिल्हाधिकाऱ्यांकडून कळतात. मुंबईतील ‘प्रजा फाउंडेशन’ ही संस्था २०११ पासून नगरसेवक व आमदारांची उपस्थिती आणि प्रश्न मोजून प्रगतिपुस्तके प्रसिद्ध करीत आली आहे. प्रश्नांची संख्या म्हणजे प्रश्नांचे मोल नव्हे हे खरे. परंतु ज्याने वर्षभर तोंडच उघडले नाही, तो कोण, हे तरी त्यातून समजते.

पत्र लिहिणाऱ्या बाईंस आमची सूचना अशी. घरचा जमाखर्च त्या लिहीत असतीलच. तशीच एक वही सोसायटीने ठेवावी, आणि तिची तीन पाने करावी. पहिल्यावर प्रतिनिधीने कोणत्या ठरावावर काय मत दिले. नोंद नसेल तर त्यांसच पत्र लिहून विचारावे, आणि उत्तर आले नाही तर तेही लिहावे. दुसऱ्यावर निवडणुकीचा खर्च व निधीची कामे. तिसऱ्यावर प्रतिज्ञापत्रांतील व्यवसाय व मालमत्ता. वहीत शिवीगाळ नको, तर्क नको, पक्षाभिमान तर मुळीच नको. तारीख, रक्कम आणि कागदाचा दाखला एवढेच असावे. नोंद चुकीची निघाल्यास प्रतिनिधीने दिलेली दुरुस्ती तितक्याच ठळकपणे लावावी. प्रतिनिधी प्रामाणिक असेल तर या वहीने त्याचे नाव बाकापेक्षा अधिक टिकेल. आणि वर्षातून एकदा त्यांस सोसायटीत बोलावून ती वही त्यांच्यापुढे ठेवावी, चहा-फराळ आपल्या खर्चाने करावा. वडीलधाऱ्यांची कृतज्ञतेची इच्छाही त्यात पुरी होईल.

महापालिकेच्या निवडणुकीस अद्याप फार काळ लोटलेला नाही, आणि सभागृह चार वर्षांच्या खंडानंतर पुन्हा भरले आहे. नवी वही सुरू करावयास हा काळ चांगला आहे. ज्या वाचकांनी आपल्या प्रतिनिधीचा निवडणूक-खर्च एक रुपया भरून पाहिला असेल, अथवा या महिन्यात पाहतील, त्यांनी तेथे काय अनुभव आला तो आम्हांस अवश्य कळवावा. निवडक पत्रे पुढील अंकी याच सदरात देऊ.